पायांखालची माणसं

आधी चपला काढा. मोबाईल, घड्याळ, किल्ल्या, चष्मा लागत असेल तर तोही, सगळं इथेच ठेवा. बहादरपूरच्या शिवारात, केळीच्या दोन ओळींमधल्या ओलसर सावलीत उभे राहा, तोंड तापीकडे करा आणि डोळे मिटा. बऱ्हाणपूरच्या यंत्रमागांची खटखट आधी थांबेल. मग ट्रकचे भोंगे, मग अजान आणि आरती, दोन्ही. किल्ला असीरगडाच्या माथ्यावरून उतरून जाईल, डोंगर तेवढा जागेवर राहील. पायांखालची ठिबकची नळी नाहीशी होईल, मग केळी जातील आणि अंगावर एकदम ऊन कोसळेल.

उघडा डोळे. ३३०० वर्षं मागे आला आहात.

छातीपर्यंत वाढलेलं वाळकं गवत आहे, बोरी-बाभळी आहेत, पळस पेटलेला आहे. तापी तीच आहे, मुलताईकडून आलेली आणि पश्चिमेला निघालेली. काळी माती उन्हाने फाटली आहे, भेगांच्या कडा तळव्यांना टोचताहेत. चालायला शिका, पुढे बरंच चालायचं आहे. भूक लागली तर ठेचा आठवू नका, मिरची या देशात यायला अजून फार अवकाश आहे. शेंगदाणा नाही, मका नाही, बटाटा नाही, चहा तर नाहीच.

सातपुड्याला इथे खिंड आहे. आजची खांडव्याची रेल्वेगाडी याच खिंडीतून उतरते आणि त्या काळीही उत्तरेची माणसं नर्मदेकडून तापीत उतरायची ती या डोंगराच्या फटी शोधतच. महेश्वरसमोर, नर्मदेच्या पलीकडच्या काठावर नावडातोलीला त्यांची मोठी वस्ती होती. तांबूस-पिवळट भांड्यांवर काळ्या रंगाने नक्षी काढणारी ती माळव्याची शेतकरी मंडळी. त्यांच्यातली काही घरं पिढ्यांपूर्वी दक्षिणेत गेली. आज त्याच वाटेने तिघं उतरताहेत, दोन बैलांच्या पाठीवर चामड्याच्या पिशव्या आहेत आणि पिशव्यांत अकीकाचे खडे खुळखुळताहेत. त्यांच्या मागे लागा. ते तुम्हाला हाकलणार नाहीत. ओझं वाहायला माणूस कुणाला नको असतो?

वाट लांबची आहे, ती भरभर उरकू. तापीकाठाने खाली जात राहिलात तर गोमाईच्या संगमावर प्रकाशे लागेल, पण आपल्याला दक्षिणेला वळायचं आहे. गिरणेकाठी बहाळला एक मुक्काम. मग अजिंठ्याची रांग चढायची, गोदावरी ओलांडायची, प्रवरेच्या खोऱ्यात नेवासे, दायमाबाद आणि जोर्वे मागे टाकायचं. या सगळ्या गावांत चूल तशीच, भांडं तसंच, पोरांचं रडणंही तसंच. एव्हाना तुमच्या टाचांना घट्टे पडले आहेत, अंगाला बैलाचा वास लागला आहे आणि गुळगुळीत खड्यांचं ओझं खांद्यात रुतून बसलं आहे.

मग एका टळटळीत सकाळी घोड नदी दिसते. पात्रात पाणी थोडं, वाळू जास्त. पलीकडून धूर येतो.

इनामगाव. आजच्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात.

गाव दिसायच्या आधी नाकाला कळतं. शेणाचा, ओल्या मातीचा, करपलेल्या चरबीचा वास. त्यात मध्येच घशाला धरणारा एक तिखट धूर: पश्चिमेच्या कडेला कुणीतरी चुनखडी भाजतंय. कुंभाराची भट्टीही तिकडेच. ज्यांच्या कामाला आग लागते आणि ज्यांच्या कामाचा कचरा उडतो, त्यांची घरं गावाच्या कडेला, खात्यापित्यांची मध्यावर. हे शहाणपण तेव्हाही होतं. आणि कोण कुठे राहणार हे ठरवण्याची ताकद कुणाच्या तरी हातात होती, हेही त्यातून दिसतं.

कुत्री अंगावर येतात. दगड उचलायला वाकू नका, नुसते उभे राहा. पोरं धावत येतील. तुमच्या दातांकडे बघतील. तुमचे सगळे दात जागेवर आहेत याचं त्यांना नवल वाटेल. त्यांच्यातल्या कित्येकांच्या दातांवर आडव्या रेषा आहेत. अंगात ताप असताना किंवा पोटात अन्न नसताना दात वाढत होते, त्याची ती खूण. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे हे अभ्यासक पुढे कधीतरी हेच दात हातात घेऊन बसणार आहेत.

सुगीचे दिवस आहेत. खळ्यावर बैल गोल फिरताहेत, माणसं ओरडताहेत, वाऱ्यावर धरलेल्या धान्यातून भुसा उडतोय आणि तो तुमच्या मानेच्या घामाला चिकटतोय. हे जवाचं पीक आहे. गहूही आहे, पण थोडा. गावाचं पोट जवावर चालतं. सोबतीला मसूर, लाख, वाटाणा, कुळीथ आणि रानातली बोरं. नदीच्या बाजूला मातीचा बांध घातलेला दिसेल आणि त्याच्या जवळून खोदलेला पाण्याचा पाट. काठीच्या टोकाने ढेकूळ फोडणाऱ्या माणसांनी एवढा पाट खणला. एका घरचं काम नव्हे ते. कुणीतरी हाक दिली असणार आणि गावाने कुदळीच्या जागी जे हाती होतं ते उचललं असणार.

धान्य कुठे चाललंय ते बघा. टोपल्या डोक्यावर घेऊन बायका एका मोठ्या घराकडे निघाल्या आहेत. पाच खोल्यांचं घर, गावातलं सगळ्यात मोठं, आणि त्याला लागूनच कोठार. आत पेवं आहेत, चुन्याने लिंपलेली, आणि कणग्या ठेवायचे मातीचे गोल चौथरे. एम. के. ढवळीकरांनी हे घर गावच्या मुखियाचं मानलं आणि कोठारातलं धान्य हा वसूल झालेला सारा मानला. तुम्ही दारात उभे राहिलात तर तसंच वाटेल. टोपली रिकामी करताना बाई एकदा आत बघते, तिच्या नजरेत हिशोब असतो. पाऊस हुकला तर याच पेवाच्या तोंडाशी येऊन उभं राहायचं आहे, हे तिला ठाऊक आहे.

आता एका साध्या घरात चला. दोन घरांमधली गल्ली अरुंद आहे, बैल आला तर भिंतीला पाठ लावावी लागते. घर लांबट चौकोनी, मातीची भिंत गुडघ्याएवढी आणि त्यावर कुडाचा पडदा, वर गवत. वाका, नाहीतर डोकं आपटेल. आत गारवा आहे आणि पायांना जमीन ओळखीची वाटते, कारण ती शेणाने सारवलेली आहे. तळवा सपाट टेकवा. काळ्या मातीचा एक थर, पिवळ्या गाळाचा एक, पुन्हा काळ्याचा, असं ठोकून ठोकून ही जमीन केली आहे. नुसती काळी माती उन्हाळ्यात फाटते, तिच्यावर संसार मांडता येत नाही. बहादरपूरपासून तळव्यांनी ज्या भेगा सोसल्या, त्यांच्यावरचा हा तोडगा.

घरची म्हातारी तुम्हाला बसायला सांगते. बोली तुम्हाला कळत नाही, हाताची खूण कळते. तिला ‘माय’ म्हणा, ती हसेल.

पाणी येतं ते तोटीच्या भांड्यातून. लाल अंग, त्यावर काळ्या रेघा, पोटातून निघालेली लांब नळी. ही जोर्वे पद्धतीची भांडी, प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून त्यांना ते नाव मिळालं. नखाने टिचकी मारून बघा. खणखणीत आवाज येतो, धातूचा वाटावा असा. कुंभाराने चाकावर घडवलं आहे आणि भट्टीत नीट भाजलं आहे. चुलीजवळची मडकी मात्र जाड, राखाडी, हाताने थापलेली. त्यांच्याकडे आत्ता तुमचं लक्ष जाणार नाही. रात्री जाईल.

सून दळायला बसली आहे. जातं अजून आलेलं नाही. बसकट, मध्ये खोलगट झालेला दगड, त्यावर दुसऱ्या दगडाने पुढेमागे रगडायचं. गुडघे जमिनीला, पाठ वाकलेली, केस घामाने कपाळाला. तुम्ही म्हणाल, मी करते, मी करतो. करा. पन्नास हेलकाव्यांत खांदे भरून येतील आणि पीठ ओंजळभरही होणार नाही. तिला हे रोज करायचं आहे, पोटात बाळ असताना आणि ते झाल्यावरही. जेवायला जवाची जाड पेज, कुळथाचं कढण आणि मांसाचा एक तुकडा. बोकडाचा असेल, हरणाचा असेल, बैलाचाही असेल. सगळ्यांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. दाताखाली वाळू करकरते. दगडाचं पीठ जवाच्या पिठात जातंच.

दुपारी पश्चिमेच्या घरांकडे फेरफटका मारा. तुम्ही वाहून आणलेले खडे तिथेच पोहोचले आहेत. मणी करणारा एक खडा उन्हात धरून आतला रंग बघतो, मान हलवतो, बाजूला टाकतो. शेजारी एक जण गारेच्या दगडातून पाती काढतोय. टक्, टक्, टक्. प्रत्येक टोल्याला बोटभर लांब, अरुंद, धारदार पातं सुटतं. अशी पाती लाकडाच्या खाचेत बसवली की विळा तयार. तांबं? आहे ना. गळ आहेत, छिन्नी आहे, कुणाच्या हातात बांगडी आहे, कुऱ्हाडही आहे. पण ते दुरून येतं, महाग पडतं, मोडलं तर वितळवून पुन्हा वापरायचं. म्हणून कापणं, सोलणं, तासणं सगळं दगडानेच. पुस्तकात या काळाला ताम्रपाषाण म्हणतात. इथे उभं राहिलं की कळतं की हाताला दगड आणि डोळ्याला तांबं. सोन्याचं काम करणाराही एक आहे, वळ्यावळ्यांचं इवलंसं कर्णभूषण घडवणारा.

या माणसांचं मोठ्या चित्रातलं स्थान विचाराल तर थोडक्यात सांगतो. सिंधूकाठची विटांची शहरं यांच्या आधीच ओसाड पडली. त्या परंपरेतली काही माणसं दायमाबादला येऊन राहिली होती, तीही पूर्वीची गोष्ट झाली. खाली कर्नाटकात गुरं राखणारे नवाश्मयुगीन लोक शेणाच्या राखेचे डोंगर उभे करत होते. लोखंड अजून इथे पोहोचलेलं नाही. दख्खनच्या काळ्या मातीत गाव करून, पेवं भरून, पिढ्यान् पिढ्या एका जागी राहायचं, हे ज्यांनी पहिल्यांदा निभावून दाखवलं त्यांतली ही माणसं. आपण त्यांना एखाद्या प्रकरणातल्या दोन ओळींत उरकतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रात्र होते. उकाडा आत कोंडलेला आहे, माणसं अंगणात निजली आहेत. शेजारच्या घरातून एक आवाज येतो आणि गल्ली जागी होते. त्यांचं तान्हं गेलं.

कुणी तुम्हाला जा म्हणत नाही, म्हणून तुम्हीही कुडापाशी उभे राहता. बाप आत जमीन खणतोय. त्याच जमिनीत, जिच्यावर काल सगळी जेवायला बसली होती. सारवण फुटतं, काळा थर येतो, पिवळा येतो. खड्डा खोल नाही. मग ती राखाडी मडकी येतात, हाताने थापलेली, दोन. बाळाला त्यांच्यात ठेवतात आणि दोन्ही मडकी आडवी करून तोंडाला तोंड भिडवतात. डोकं उत्तरेकडे. बाजूला एक छोटा रंगवलेला वाडगा आणि तोटीचं भांडं. आई स्वतः माती लोटते. पहाट व्हायच्या आत ती जागा ठोकून सपाट होते, सकाळी सारवली जाते, दुपारी तिथे चूल पेटते.

गाव खणताना सापडलेली बहुतेक दफनं अशीच होती, लहान मुलांची. दोनशेहून जास्त सांगाडे निघाले, त्यांत मोठी माणसं थोडी. मघाशी तळवा टेकवलात ना, त्याच्याखाली कितीतरी असतील.

आणि मोठ्यांचं काय? त्यांनाही घरातच, नाहीतर अंगणात. उताणं, डोकं उत्तरेला. फक्त पुरण्याआधी घोट्याखालची पावलं तोडून टाकायची. हे ऐकून तुमच्या पोटात कालवेल, पण नजर वळवू नका. मेलेला माणूस उठून चालायला लागू नये, भूत होऊन भटकू नये, म्हणून हे करत असावेत, असा अर्थ उत्खननकर्त्यांनी लावला. भीती त्यात असणारच. पण भूत घराबाहेर घालवायचं असतं तर प्रेत गावाबाहेर नेलं असतं. यांनी त्याला घराच्या पोटात ठेवलं आणि पाय काढून घेतले. मला यात मायाच जास्त दिसते: जाऊ नकोस.

एकालाच सूट मिळालेली आहे. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात एक प्रौढ पुरुष बसल्या स्थितीत पुरला आहे, कच्च्या मातीच्या एका फुगीर रांजणात. रांजणाला चार पाय आहेत, आणि आतल्या माणसाचीही पावलं शाबूत आहेत. ज्याच्या शब्दावर पाट खणला जातो, त्याचे पाय तोडायला हात धजावले नसतील.

दुसऱ्या दिवशी माय तुम्हाला जमिनीवर बोट ठेवून दाखवते. इथे, इथे आणि तिथे चुलीमागे. मग ते बोट तुमच्याकडे वळतं आणि पुन्हा जमिनीकडे जातं. तुमची कुठे आहेत, असं ती विचारतेय. तुम्ही नदीकडे हात करता, आगीची खूण करता, वाहून जाण्याची खूण करता. तिच्या तोंडावरचे भाव बघण्यासारखे होतात. ती तुमचा हात धरून तुम्हाला घराच्या कोपऱ्यात नेते. तिथेही जमिनीखाली काही आहे, पण ते मेलेलं नाही. मातीची लंबगोल झाकणाची पेटी. आत एक बाईची मूर्ती, डोकं नसलेली, आणि एक बैल. बाईच्या पोटाला भोक आहे, बैलाच्या पाठीला भोक आहे, काडी घातली की ती त्याच्यावर बसते. झाकणावर दुसरी बाई, हिला डोकं आहे. सगळं कच्च्या मातीचं, पाण्याचा एक थेंब लागला तर विरघळेल असं. म्हणून तर ते इतकं जपून झाकलेलं. मूल व्हावं म्हणून, झालेलं राहावं म्हणून, हीच सांभाळणारी असेल, असं तिने ज्या हळुवारपणे माती परत लोटली त्यावरून वाटतं.

इथून आणखी एक उडी मारू. तीन-साडेतीनशे वर्षं पुढे, जागा तीच.

नाकाला आधी बदल कळेल. जवाच्या भुशाचा वास कमी, शेळ्या-मेंढ्यांचा जास्त. पाऊस दगा देत गेला आहे. पाट गाळाने भरून गेला. चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या, तीन-चारांच्या झुपक्यांनी उभ्या. भांड्यांवरची नक्षी कशीबशी उरकलेली, टिचकी मारली तर पूर्वीचा आवाज येत नाही. शिकार वाढली आहे, हरणाच्या हाडांचे ढीग दिसतात. माणसं हडकली आहेत. तुमच्या पुढ्यात येणारी पेज पातळ आहे आणि तीही संकोचाने दिलेली.

एका झोपडीत डोकवा. जमीन अजून सारवलेली आहे. आणि बाप खणतोय. गहू गेला, पाट गेला, मोठी घरं गेली, पण दोन राखाडी मडकी तोंडाला तोंड लावून तशीच आडवी ठेवली जाताहेत, डोकं उत्तरेला. यातलं काहीही सोडायला ही माणसं तयार झाली नाहीत.

इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास तीही उठली. १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं ह. धी. सांकलिया, ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थ्यांना घेऊन ही पांढरी खणली, शंभरावर घरं उघडी केली. जमिनीचे थर एकेक करून उचलले तेव्हा घरातली माणसं जिथल्या तिथे होती.

निघायच्या दिवशी तुम्ही तिथे आहात असं समजा. शेळ्या पुढे गेल्या आहेत, कुत्री त्यांच्यामागे. मडकी, दळायचा वरचा दगड, मूठभर बियाणं, सगळं डोक्यावर आणि पाठीवर चढलं आहे. खालचा दगड जड आहे, तो राहिला. एक बाई मात्र झोपडीतून बाहेर येत नाही. ती आत बसून जमीन सारवतेय, कोपऱ्यापासून दारापर्यंत, नीट, घाई न करता. सगळी तिच्यासाठी थांबली आहेत. तुमच्या हातात कुणीतरी तिचं कोकरू देतं. ते धरा, पाय झाडतंय, निसटेल.